काढलेली साल

जगातल्या प्रत्येक झाडाला साल असते. झाड उभं असेपर्यंत ही त्याची खासगी बाब असते. ते आडवं झालं की मात्र ती सार्वजनिक होते, आणि सार्वजनिक झालेल्या कोणत्याही गोष्टीला पद्धत लागते. साल काढण्याच्या पद्धती दोन: एक हाताची, दुसरी यंत्राची. तशी तिसरीही आहे, ओंडका उघड्यावर टाकून साल आपोआप गळायची वाट पाहणे, आणि खात्याचा सर्वांत दांडगा अनुभव याच पद्धतीत होता. पण तिला पद्धत म्हणावं की धोरण, यावर वरिष्ठांचं एकमत होईना, म्हणून तिला तुलनेतून वगळलं.

हाताची पद्धत म्हणजे खात्याच्या लाकडाच्या वखारीतले एकुलते एक सालकाढे. हजेरीपटावर त्यांचं पद 'सालकाढ्या (हंगामी)' असं लिहिलेलं होतं, पण त्यांना काम करताना एकदा पाहिलं की माणूस आपोआप आदरार्थी बहुवचनावर येई. वखारीच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड, शेडखाली दोन लाकडी घोडे, घोड्यांवर ओंडका आणि ओंडक्यावर वाकलेले सालकाढे. हातात दोन मुठींची लांब सुरी. ती दोन्ही हातांनी धरायची आणि आपल्याच पोटाकडे ओढायची. (हे वाचून ज्यांच्या पोटात गोळा आला, त्यांची समितीवर नेमणूक व्हायला हरकत नाही.) साल कुठे सहज सुटते आणि कुठे हट्टाला पेटते, गाठ आली की सुरी किती तिरकी करायची, वाळून चिकटलेल्या सालीची मनधरणी कशी करायची आणि रसाच्या दिवसांत तिला नुसत्या अंगठ्याने कसं उचलायचं, हे सगळं त्यांच्या मनगटात होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड पट्टा निघे. खालच्या लाकडावर नखाएवढा ओरखडा नसे. मग ते उघड्या ओंडक्यावरून तळहात फिरवत आणि स्वतःशीच खूश होत. या खुशीची नोंद करायला हजेरीपटात रकाना नव्हता.

असा त्यांचा हंगाम अठरा वर्षं चालू होता. खात्याचा नियम असा, की हंगामी माणसाने सलग वीस सालं काढली की तो कायम होतो. (नियम करणाऱ्यांचा अंदाज होता की एवढा हंगामही टिकत नाही आणि माणूसही.) म्हणजे दोन सालं उरली होती. बायको घरी खिडकीपाशी मशीन मांडून लोकांचे कपडे शिवायची. तिने ती दोन सालं मनातल्या मनात बेतून ठेवली होती. नवरा कायम झाला की सुट्टीला सुट्टी म्हणता येईल, आणि आजारी पडायचीही सोय होईल. अठरा वर्षांत सालकाढे एकदाही आजारी पडले नव्हते, कारण हंगामी माणसासाठी तशी तरतूद नव्हती.

आणि नेमकं इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. खात्याने यंत्र आणलं.

यंत्र म्हणजे माणसाच्या उंचीचं एक लोखंडी कडं, आतल्या बाजूने दातेरी हात. एका बाजूने ओंडका आत सरकवायचा, कडं गरगरा फिरतं, दुसऱ्या बाजूने ओंडका उघडा होऊन बाहेर पडतो. इतकं झटपट, की झाडाला लाजायलाही सवड मिळत नाही. सालीचे पट्टे निघत नाहीत, चुरा उडतो. वाकडा ओंडका आला तर यंत्र त्याचा वाकडा भाग खाऊन त्याला सरळमार्गी करून सोडतं. गाठी तर त्याच्या खिजगणतीतही नसतात. कानामागून आलं आणि तिखट झालं, असं सालकाढ्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ते बोलले नाहीत. कारण यंत्र चालवायला खात्याने नेमलेला माणूस म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. साल, साला आणि सालकाढे असे तिघं एका शेडखाली आले. मेहुणा बिचारा सकाळी आधी दाजींना नमस्कार करी आणि मग कानात कापसाचे बोळे घाली, म्हणजे दाजी काही म्हणालेच तर ऐकू येऊ नये.

यंत्राच्या मागोमाग आदेश आला. दोन्ही पद्धतींची निःपक्षपातीपणे तुलना करावी आणि हरणारी पद्धत तिच्या माणसासकट तत्काळ बंद करावी. यंत्र आधीच आणून बसवलेलं होतं, त्यामुळे निःपक्षपातीपणाचा कुणाला त्रास होण्याचं कारण नव्हतं. सालकाढ्यांनी आदेश दोनदा वाचला. आपली दोन सालं काही पुरी होत नाहीत, हे त्यांना पहिल्याच वाचनात कळलं होतं.

तुलना करायची तर समिती हवी. 'साल निष्कासन पद्धती तौलनिक अभ्यास समिती' पाच जणांची होती. अध्यक्षांचा लाकडाशी संबंध टेबलापुरता होता, पण तो तीस वर्षांचा होता. एक सभासद शब्दकोशांचे जाणकार होते, एक हवामानाचे. चौथे कुठल्याच विषयाचे नसल्याने तटस्थ होते. पाचवे शेवटपर्यंत आलेच नाहीत, पण अहवालावर सगळ्यांत ठळक सही त्यांचीच आहे.

पहिल्या अकरा बैठका साल मोजायची कशी यावर झाल्या. वजन करावं, तर ओली साल जड आणि वाळकी हलकी. हवामानाच्या जाणकारांनी या मुद्द्यावर दोन बैठका एकट्याने खाल्ल्या. लांबी मोजावी, तर हाताचे पट्टे मोजता येतात, यंत्राचा चुरा कोण मोजणार? (एका शिपायाने प्रामाणिक प्रयत्न केला. त्याला शिंक आली तेव्हा मोजणी तीनशे बारापर्यंत पोचली होती.) शेवटी तटस्थ सभासदांनी तोडगा सुचवला. एक अख्खा ओंडका पुरता सोलला, की ती 'एक साल'. चार बोटं जरी शिल्लक राहिली तरी ओंडका मोजायचा नाही, कारण अपुरी साल ही सालच नव्हे. इतका साधा विचार इतक्या थोड्या बैठकांत सुचणं हे समितीचं यश आहे, असं अध्यक्ष म्हणाले आणि तसं इतिवृत्तात आलं.

मग मोजलेली साल लिहायची कशावर, हा प्रश्न आला. आस्थापना विभागाचा एक जुना छापील नमुना कपाटावर गठ्ठ्यांनी पडून होता. त्यात कर्मचाऱ्याचे नाव, रुजू होतानाचे वय, रजा आणि शेरा असे चार रकाने होते. समितीने 'रजा' खोडून तिथे 'काढलेली साल' असं लिहिलं आणि नमुन्याला त-७ असं नाव दिलं. (त-१ ते त-६ अजून सुचायचे आहेत.) वरच्या कोपऱ्यातलं 'प्रति, आस्थापना विभाग' तेवढं खोडायचं राहिलं.

चाचणी एका सकाळी झाली. यंत्राने साडेतीन तासांत एकसष्ट ओंडके सोलले. सालकाढ्यांचे एरवी तेवढ्या वेळात चार व्हायचे आणि त्या दिवशीही चारच झाले, याचं खरं तर कौतुक व्हायला हवं होतं. कारण फोटोवाल्याने त्यांना सुरी धरून तीनदा हसायला लावलं होतं. अध्यक्षांनी सुरी पोटाकडे ओढणं आवश्यक आहे की नुसती सवय आहे, असं विचारून घेतलं होतं. शब्दकोशवाल्यांनी तर अर्धा तास त्यांच्या कानाशी उभं राहून 'सोलणे', 'तासणे' आणि 'खरवडणे' यांतला बारीक भेद त्यांनाच समजावून सांगितला होता. मग समितीचं जेवण आलं आणि चाचणी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. एकसष्टला चार. सालकाढ्यांनी सुरी पुसली, तिला तेलाचं फडकं गुंडाळलं आणि ती घरी नेली. अठरा वर्षांत त्यांनी ती पहिल्यांदाच घरी नेली होती.

त-७ च्या दोन प्रती वरच्या कोपऱ्यात लिहिल्याप्रमाणे आस्थापना विभागात गेल्या. तिथल्या बाई अतिशय काटेकोर. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एक वेलांटी सुटली नव्हती. 'काढलेली साल : ६१' हे वाचून त्या क्षणभर थांबल्या. त्यांच्या विभागात साल एकाच अर्थाने काढलं जातं. माणूस रुजू होतो, सालं काढतो आणि जातो, मध्ये झाडाचा संबंध कुठे येत नाही. एकसष्ट म्हणजे अनेकवचन, आणि अनेकवचन म्हणजे 'सालं'. वखारीतल्या लोकांना अनुस्वाराची पर्वा ती कसली! बाईंनी लाल शाईचं पेन घेतलं आणि 'ल'च्या डोक्यावर एक टिंब दिलं. त्या एका टिंबाने यंत्र म्हातारं झालं.

पुढचं सगळं नियमाने झालं, त्याला बाईंचा इलाज नव्हता. त्यांनी टिपण लिहिलं ते असं:

कर्मचारी: यंत्र. रुजू होतानाचे वय: शून्य (खोक्यातून थेट सेवेत). काढलेली सालं: एकसष्ट. निवृत्तीचे वय: अठ्ठावन्न. शेरा: सदर कर्मचारी तीन सालं जादा राहिला आहे. तत्काळ निवृत्त करून जादा राहण्याबद्दल खुलासा मागवावा.

यंत्राने खुलासा दिला नाही. मौन म्हणजे संमती, असं धरून त्याचा निरोप समारंभ ठरला. शेडमध्ये खुर्च्या मांडल्या. अध्यक्ष म्हणाले की अशी मूक, निगर्वी आणि सतत फिरती सेवा आता दुर्मिळ होत चालली आहे, आणि यंत्राने आपलं सारं आयुष्य, म्हणजे साडेतीन तास, खात्याला वाहिलं. त्यांचा आवाज भरून आला. यंत्राला भिंतीवरचं घड्याळ भेट देण्यात आलं. पुष्पगुच्छ देताना मात्र कुणाचा तरी धक्का बटणाला लागला आणि कड्याने गुच्छातल्या सगळ्या फुलांचे देठ तीन सेकंदांत स्वच्छ सोलून दिले. पेशा माणसाला शेवटपर्यंत सोडत नाही, असं तटस्थ सभासद म्हणाले. मेहुणा पहिल्या रांगेत कुटुंबीयांच्या खुर्चीवर बसला होता. त्याला दोन जण भेटून धीर देऊन गेले.

यंत्राच्या निवृत्तीचा आदेश ज्या टपालात आला, त्याच टपालात सालकाढ्यांचं पत्र होतं. रुजू होतानाचे वय: तेहेतीस. यापूर्वी काढलेली सालं: अठरा. चाचणीत काढलेली: चार. एकूण: बावीस. वय: पंचावन्न. शेरा: वीस सालांची अट पूर्ण झाल्याने कायम करण्यात येत आहे.

आता यात आनंद मानावा की नाही? बायकोने तर मशीनवरचं काम टाकून पत्र आधी छातीशी धरलं आणि मग इस्त्री करून ट्रंकेत ठेवलं. पण सालकाढ्यांना ते पटेना. न सोललेलं लाकूड सोललं म्हणून त्यांनी जन्मात कधी सांगितलं नव्हतं, आणि इथे त्यांच्या नावावर चार सालं अशी जमा झाली होती, जी त्यांनी काढली होती आणि काढलीही नव्हती. बायको म्हणाली, आलेली सालं कुणी परत करतं का? अठरा वर्षं त्यांनी तुम्हाला फुकट हंगामी ठेवलं, तेव्हा कुणी चूक दुरुस्त करायला आलं होतं का? हे बिनतोड होतं. तरी दुसऱ्या दिवशी सालकाढे आस्थापना विभागात जाऊन उभे राहिले.

"बाई, ती साल म्हणजे हे साल नव्हे," ते म्हणाले.

"मग कुठलं साल?"

"झाडाची."

"झाडाचीसुद्धा सालंच मोजतात. बुंध्यात गोल गोल वर्तुळं असतात, एकेका सालाचं एकेक. आम्ही शाळेत शिकलोय."

"ती आत असतात, बाई. मी बाहेरची काढतो."

बाईंनी चष्मा काढला. माणूस प्रामाणिक दिसत होता, आणि अशा माणसाचं नुकसान होऊ नये अशी त्यांची मनापासून इच्छा होती. "हे बघा," त्या म्हणाल्या, "आतली असोत की बाहेरची, खात्याला काढल्याशी मतलब. तुम्हाला दुरुस्ती हवी असेल तर अर्ज करा. पण दुरुस्ती चालू असेपर्यंत सगळीच सालं शून्य धरतात. तुमची आधीची अठरासुद्धा."

"आणि दुरुस्ती किती दिवस चालते?"

"माझ्या आधीच्या बाईंनी घेतलेली एक माझ्याकडे आहे."

सालकाढे नमस्कार करून निघाले. जिना उतरताना त्यांनी कठड्यावरून तळहात फिरवला. कठडा खडबडीत होता, कुणीतरी घाईने तासला होता.

पण खरा पेच पुढेच होता. त-७ आता रोज भरायचा होता. कागदावर सालकाढे पंचावन्नचे होते. अजून तीन ओंडके सोलले की अठ्ठावन्न, आणि मग यंत्राच्या शेजारची खुर्ची आणि भिंतीवरचं घड्याळ. म्हणजे नोकरी टिकवायची तर साल काढायची नाही, आणि साल काढण्याखेरीज नोकरीत दुसरं काही नाही. इकडे आड तिकडे विहीर. हा गुंता बायकोने सोडवला. ती शिलाईचं उसवत बसली होती. उसवताना ती शेवटचा टाका ठेवायची, म्हणजे कापड वेगळं होत नाही आणि पुन्हा जोडायला सोपं जातं. "शेवटचा टाका ठेवा की," ती म्हणाली. "चार बोटं साल राहू द्या. तुमची समितीच म्हणते ना, अपुरी असली तर मोजायची नाही."

दुसऱ्या दिवसापासून सालकाढे ओंडका घोड्यांवर चढवीत, सगळीकडून मन लावून सोलत, आणि शेवटी चार बोटांची एक पट्टी राहिली की थांबत. त-७ मध्ये 'काढलेली साल : शून्य' असं लिहीत. दिवसाला तीन ओंडके होत. न सोलायचं म्हणजे सोलण्यापेक्षा जास्त जपावं लागतं, हे त्यांना वयाच्या पंचावन्नाव्या (खऱ्या एक्कावन्नाव्या) वर्षी कळलं. बघता बघता शेडमागे तीनशे चाळीस ओंडके रचले गेले. न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीवर उठून आलेली माणसं जमावीत, तसे ते दिसत. ओंडके चिरणारे करवतीवरचे लोक येऊन म्हणत, एवढी पट्टी काढून द्या म्हणजे आम्ही नेतो. त्यांना लेखी कळवण्यात आलं की काम प्रगतिपथावर आहे.

समितीला हे आकडे पोचले तेव्हा तिथे उत्साहाची लाट आली. चार महिने आणि शून्य साल! अहवालाच्या तिसऱ्या प्रकरणात त्याची मांडणी आहे. यंत्राच्या पद्धतीत कर्मचाऱ्याचे वय साडेतीन तासांत एकसष्ट सालांनी वाढते, म्हणजे ताशी साडेसतरा सालांच्या आसपास. हाताच्या पद्धतीत ते दरमहा शून्य सालांनी वाढते. चार महिन्यांची सरासरी काढली असता तीही शून्यच आली (दोनदा पडताळून पाहिली). यावरून हाताने साल काढणारा मनुष्य म्हातारा होत नाही असे दिसून येते. हवामानाच्या जाणकारांनी याचं श्रेय शेडमधल्या वाऱ्याला दिलं. अध्यक्षांनी दोन मुठींची एक सुरी मागवून आपल्या टेबलावर ठेवली आणि रोज सकाळी ती पाच मिनिटं हातात धरून बसू लागले. त्यांच्या सौभाग्यवतींना फरक जाणवला. समितीने एकमुखाने शिफारस केली, की हाताची पद्धत श्रेष्ठ असून ती इतर वखारींनीही अवलंबावी. तिथल्या सालकाढ्यांना मूळ भानगड कळायला एक आठवडा लागला. त्यानंतर सगळीकडचा निकाल शून्यावर आला आणि खात्याने एकसमानतेबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं.

यंत्राची आबाळ होऊ नये, याचीही काळजी घेतली गेली. एवढा अनुभव वाया का घालवायचा? त्याला सल्लागार म्हणून परत घेतलं. रोज एक तास ते रिकामं चालवायचं आणि सभासदांनी त्याच्यासमोर वही घेऊन उभं राहायचं. आवाज फार असल्याने सल्ला नीट ऐकू येत नसे, पण तो ठाम असे. मेहुणा सल्लागारांचा स्वीय सहायक झाला आणि कानातले बोळे काढून फिरू लागला.

म्हणजे सगळ्यांचं भलं झालं होतं. एकट्या सालकाढ्यांचे हात शिवशिवत होते. दिवसभर धरून ठेवलेली सुरी घरी आल्यावर कुठून तरी बाहेर पडे. आधी त्यांनी घरातले सगळे बटाटे एकेका अखंड सालीत सोलले. मग बाटल्यांवरची लेबलं गेली. मग कॅलेंडरचे पुढचे महिने, मग भिंतीवरच्या रंगाचे पोपडे. एका रविवारी बायको दळण घेऊन आली, तर नवरा दाराशी उकिडवा बसलेला आणि दाराचा हिरवा रंग वरपासून खालपर्यंत एका पट्ट्यात उतरवलेला. खालचं लाकूड त्यांनी तळहाताने चाचपून पाहिलं होतं आणि ते रडत होते. तिने दळण खाली ठेवलं आणि त्यांच्या शेजारी बसली.

"मला रोज वाटतं, त्या ओंडक्यांजवळून जाऊ नये," ते म्हणाले. "लाज वाटते गं. तीनशे चाळीस, आणि एकही पुरा नाही."

तिने रंगाचा तो पट्टा गुंडाळून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "अहो, कायम झालात ते तुम्ही नाहीच. दुसराच कुणीतरी झालाय, आणि तो रोज आपल्या घरी जेवायला येतो. टाका ठेवा असं मी म्हटलं होतं ना? मीच सांगते, उसवा. माझा माणूस मला घरी आणून द्या."

सोमवारी सालकाढे वेळेआधी वखारीत गेले. सुरीला त्यांनी धार दिली, पण तिची फारशी गरज पडली नाही. रसाचे दिवस होते. पहिल्या ओंडक्याच्या पट्टीखाली त्यांनी अंगठा सरकवला आणि ती वाट पाहत असल्यासारखी टोकापर्यंत सुटून आली. छप्पन्न. दुसरी त्याहून लांब निघाली. सत्तावन्न. तिसरीला एक गाठ आडवी आली, तिथे त्यांनी सुरी जराशी तिरकी केली. अकरा वाजून वीस मिनिटांनी ते नियमाप्रमाणे निवृत्त झाले. आणि मग खरी मजा सुरू झाली. निवृत्त माणसाला कोण अडवणार? त्यांनी चौथी पट्टी ओढली, पाचवी ओढली, विसावी ओढली. करवतीवरचे लोक काम सोडून बघायला आले. मेहुण्याने सल्लागार बंद केले आणि दाजींना ओंडके फिरवून द्यायला लागला. पट्ट्या हवेत उडत होत्या, खांद्यांवर पडत होत्या, आणि सालकाढे प्रत्येक ओंडक्यावरून एकदा तळहात फिरवून पुढे जात होते. समितीचे सभासद वह्या घेऊन सल्ल्यासाठी आले होते. ते पट्ट्यांत गुडघ्यापर्यंत बुडून उभे राहिले आणि शब्दकोशवाल्यांना पहिल्यांदाच शब्द सुचला नाही. दिवस मावळायच्या आत तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस ओंडके लख्ख झाले. करवतवाल्यांनी पहिली खेप तिथूनच उचलली.

त-७ त्यांनी स्वतः भरला. बाईंनी 'ल'वर टिंब दिलं आणि बेरीज केली. वय: तीनशे पंच्याण्णव. त्या डगमगल्या नाहीत. टिपणात त्यांनी लिहिलं, की पहिली तीन सालं सेवेत धरून कर्मचाऱ्यास अठ्ठावन्नाव्या साली निवृत्त करावे. उरलेली तीनशे सदतीस सालं त्याने निवृत्तीनंतर स्वखुशीने काढलेली असल्याने ती मानद समजावीत. सालकाढ्यांना कायम माणसाला मिळतं ते सगळं मिळालं, घड्याळसुद्धा. ते घरी सोललेल्या दारावर टांगलं आहे. दार त्यांनी पुन्हा रंगवलं नाही, नुसतं तेल दिलं.

खात्यात त्यामुळे एक जागा रिकामी झाली आहे आणि ती भरण्यासाठी अर्ज मागवण्यात येत आहेत. कामाचं स्वरूप: ओंडका जवळजवळ सोलणे. अनुभव असल्यास उत्तम, सवय असल्यास अधिक उत्तम. अर्ज त-७ मध्येच करायचा आहे. त्यात एक रकाना 'आजवर काढलेली सालं' असा आहे. तो आकडा हे वाचता वाचताच तुमच्या मनात तयार झाला असेल, आणि त्याचा थोडा अभिमानही वाटला असेल. दुसरा रकाना सालकाढ्यांनी जाता जाता आपल्या हाताने वाढवला आणि कुणाच्या लक्षात न आल्याने तो तसाच छापला गेला: 'खाली लाकूड निघालं का?' आतापर्यंत आलेल्या सगळ्या अर्जांत हा रकाना कोरा आहे. तुम्ही सावकाश भरा. कोरा राहिला तरी अर्ज पाठवा, खात्याला तुमच्यासारखाच माणूस हवा आहे.